टॅपेट वाजतोय म्हणे!

बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली की आपल्याकडे निदान आधी होतं आणि तपासणी मागाहून. शेजारी सांगतो टॅपेट. पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगतो टॅपेट. सिग्नलला बाजूला थांबलेला रिक्षावाला, कुणी विचारलेलं नसताना, मान बाहेर काढून सांगतो, "टॅपेट वाजतोय साहेब, सेट करून घ्या." कधीकधी हे बरोबरही निघतं, म्हणून तर हा समज एवढा टिकला. पण टिकटिक करू शकणाऱ्या कितीतरी गोष्टी एका इंजिनात असतात. त्यातल्या काही अगदी निरुपद्रवी, काही खर्चिक, आणि एखादी अशी की पुढच्या दोन किलोमीटरांत इंजिन संपवेल.

पुढच्या संवादातली माणसं कल्पित आहेत. मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतो. फियाट आणि अॅम्बेसेडरवर हात बसलेला माणूस. भाची चाकणला एका वाहन कंपनीत आवाज आणि कंपनं मोजण्याच्या विभागात काम करते आणि सुट्टीला आली की मामाच्या गॅरेजमध्ये रमते. वाचकाला वाटेल की मिस्त्री कानाच्या बाजूनं बोलेल आणि पोरगी यंत्राच्या. इथं प्रकार उलटा आहे. आवाजात सगळी माहिती असते, ती वाचता आली पाहिजे, असं भाचीचं म्हणणं. मामाचा मात्र आवाजावर भरवसाच नाही.

समोर एक नऊ वर्षांची गाडी उभी आहे. तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, पेट्रोलवर घेतलेली आणि नंतर सीएनजी किट बसवलेली. सकाळी सुरू केली की पहिली पाच मिनिटं टिकटिक करते, मग गप्प होते. एका गॅरेजनं मालकाला टॅपेटचं काम सांगितलंय. दुसऱ्यानं काही न सांगता ऑइल जाड घालून दिलंय. गाडी काल रात्रीपासून मामाकडे आहे आणि आज सकाळी ती सुरू करून दोघांनी आपापल्या परीनं बघून घेतली आहे.

भाची: मामा, मालकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आवाज ऐकलास?

मामा: ऐकला की. त्यात गाडीपेक्षा त्याची बायकोच जास्त ऐकू आली. "अहो, दूध उतू गेलं."

भाची: फोन बोलण्यासाठी बनवलाय, त्याचा दोष नाही. इंजिनाची सलग घरघर तो गोंगाट समजून दाबतो, बारीक आवाज फुगवतो, मोठा खाली आणतो. असल्या रेकॉर्डिंगवरून कुणी निदान सांगितलं तर त्याला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता द्यावा. मी आज सकाळी वेगळा मायक्रोफोन लावला आणि गाडी सुरू केल्यापासून सात मिनिटं सलग घेतलं.

मामा: आणि?

भाची: आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत होतं. म्हणजे सेकंदाला तेराच्या थोडे वर. टिकटिक मोजली तर सेकंदाला साडेसहा-पावणेसात. बरोबर निम्मी. रेस दिल्यावर फेरे वाढले, तशी टिकटिकही त्याच प्रमाणात वाढली. इंजिनात निम्म्या वेगानं काय फिरतं? कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. म्हणजे आवाज वरच्या मजल्यावरचा. कॅम, टॅपेट, व्हॉल्व्ह यांच्यातलाच काहीतरी.

मामा: म्हणजे तूही टॅपेटवरच आलीस. आकडे लावून आलीस एवढंच.

भाची: आकडे लावून आले म्हणून तर त्याला अर्थ आहे.

मामा: बरं, मग हे सांग. चार स्ट्रोकचं इंजिन आहे. एका सिलिंडरचा धूर क्रँकच्या किती फेऱ्यांत एकदा बाहेर पडतो?

भाची: दोन.

मामा: पेट्रोलचा इंजेक्टर किती फेऱ्यांत एकदा उघडतो?

भाची: या गाडीत दोन.

मामा: प्लग ढिला असला तर त्याच्या बुडातून दाब किती फेऱ्यांत एकदा निसटणार?

भाची: दोन. कळलं, मामा.

मामा: मग तुझ्या साडेसहात हे सगळे बसतात. क्रँकचं बेअरिंग सहसा दर फेरीला ठोकतं, तेवढं एक तुझ्या गणितानं मागं ढकललं. तेही "सहसा". बाकी सगळे अजून रांगेत उभे आहेत.

इथं मामाचं पारडं जड आहे, आणि ही चूक पुस्तकं वाचून गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून फार होते. निम्मी गती म्हणजे व्हॉल्व्ह, असं छापलेलं सापडतं. जुने लोक त्यासाठी टायमिंग लाइट वापरत. प्लगच्या वायरला चिमटा लावायचा. दिवा आणि टिकटिक जोडीनं आली की व्हॉल्व्हचं काम काढायचं. पुढं काही चार सिलिंडरच्या गाड्यांत एकच कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देऊ लागली, दिवा दर फेरीला लुकलुकू लागला आणि ती युक्तीही फसवी झाली. आता तर बहुतेक गाड्यांत कॉइल थेट प्लगवर बसते. चिमटा लावायला वायरच उरली नाही.

भाची: पण आवाजाचा पोतही बघ ना. व्हॉल्व्हचा आवाज कोरडा असतो, धातूवर धातू. गळतीचा फुसफुसता. आलेखात दोन्ही वेगळे दिसतात.

मामा: तुझ्या चाकणच्या खोलीत दिसत असतील. भिंतींना फोमचे सुळके लावलेत, बाहेरचा आवाज आत नाही, आतला परत येत नाही. इथं शेजारी लेथ चालू आहे आणि पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकतोय. आणि अॅल्युमिनियमचं हेड असलं की आवाज त्यातून हवेच्या दहापटीहून जास्त वेगानं पळतो. वाजतं एका टोकाला आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मी ऐकतो दुसऱ्या टोकाला. ह्या कानानं मला कितीदा फसवलंय म्हणून सांगू! पंप वाजायचा आणि मी टॅपेट कव्हर उघडून बसायचो.

भाची: आमच्याकडं त्यासाठी मायक्रोफोनची जाळी असते. अनेक मायक्रोफोनना आवाज किती अंतरानं पोचला त्यावरून तो कुठून निघाला ते पडद्यावर रंगात दिसतं.

मामा: उद्यमनगरात त्याला रबरी नळी म्हणतात. एक टोक कानात, दुसरं फिरवत न्यायचं. स्क्रू ड्रायव्हर धातूतला आवाज आणतो, नळी हवेतला आणते. जिथं हवा फुसफुसते तिथं नळीच पाहिजे. तुझी जाळी केवढ्याला येते?

भाची: ते जाऊ दे.

मामा: तुला दोन प्रश्न विचारायचे होते, ते तू मायक्रोफोन लावण्याच्या नादात विचारलेच नाहीस. आवाज कधी येतो, आणि कधी जातो?

भाची: विचारले की! थंड असताना येतो, पाच मिनिटांत जातो. त्यावरून मी गॅसची रेल तेव्हाच बाद केली. सीएनजीचे इंजेक्टर जोरात टकटकतात, कितीतरी लोक त्यालाच बिघाड समजून येतात. पण हे किट इंजिन तापेपर्यंत पेट्रोलवर चालवतं, मग गॅसवर जातं. आपला आवाज गॅस सुरू व्हायच्या आधीच थांबतो. टाकीच्या वाफा इंजिनाकडं सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही बाद. त्याची टिकटिक बहुतेक गाडी तापल्यावर सुरू होते आणि रेस दिली तरी इंजिनाच्या मागं धावत नाही. आपली धावते.

मामा: हे बरोबर केलंस. यातलं आवाज ऐकून किती केलंस आणि गाडी कशी चालते ते माहीत असल्यामुळं किती केलंस?

भाची: (थोडं थांबून) दुसरंच जास्त.

मामा: तेच म्हणतोय मी. थंडीत येऊन तापल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा धातूच्या फुगण्याचा असतो. फट थंडीत उघडी राहते, गरम झालं की मिटते. उलट तापल्यावर येणारा, ऑइल पातळ झाल्यावर येणारा आवाज असला की माझ्या पोटात गोळा येतो. तिथं बेअरिंगमधली जागा वाढलेली असते, नाहीतर ऑइलचा दाब पडलेला असतो.

भाची: त्यावर आपलं दुमत नाही.

मामा: त्यावर कुणाचंच नसावं. ऑइलचा लाल दिवा पेटला आणि खालून ठकठक यायला लागली की गाडी तिथंच बंद करायची, घरापर्यंत नेऊन बघू म्हणायचं नाही. टोइंगचा खर्च क्रँकपुढं काहीच नाही. आणि कुठलाही आवाज घेऊन कुणी आला की मी आधी डिपस्टिक काढतो. बॉनेट उघडून कान लावायच्या आधी. दोन खुणांच्या मध्ये ऑइल नसेल तर पुढचं सगळं ऐकणं फुकट. शंका आली तर ऑइल स्विच काढून तिथं प्रेशर गेज लावायचा. गेजला काटा असतो, त्याला माझ्यासारखं वय होत नाही.

प्रत्येक आवाजाचं खापर टॅपेटवर फोडण्यामागं मामाच्या पिढीचा अनुभव आहे, तो समजून घ्यायला हवा. फियाट ११००च्या वंशातली प्रीमियर पद्मिनी ही पुशरॉडची गाडी. कॅम खाली ब्लॉकमध्ये, तिथून दांड्या वर, वर रॉकर, रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि नट. फिलर गेजची पट्टी घालून फट बघायची, स्क्रू फिरवायचा, नट कसायचा. झिजत जाणारं एवढं सगळं एका रांगेत असल्यावर टॅपेट वाजणारच, आणि तो सेट करणं हे कामही दर काही हजार किलोमीटरला ठरलेलंच. मुंबईतली शेवटची पद्मिनी काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्यासाठी तयार झालेलं निदान मात्र आजच्या गाड्यांनाही लावलं जातं. आजच्या कित्येक गाड्यांत सेट करायला स्क्रूच नाही. काहींत हायड्रॉलिक टॅपेट असतात; ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून निघते, त्यामुळं ते वाजले तर तक्रार टॅपेटची कमी आणि ऑइलची जास्त असते. काहींत कॅमखाली थेट बकेट असतात. फट बदलायची तर बकेट किंवा त्याच्यातली शिम वेगळ्या जाडीची आणून घालावी लागते, त्यासाठी बहुतेकदा कॅमशाफ्ट उचलावा लागतो. अशा गाडीचं टॅपेट सेटिंग कुणी अर्ध्या तासात करून दिलं, तर त्या अर्ध्या तासात नेमकं काय झालं हे मालकानं विचारावं.

भाची: मग तुझ्या मते थंडीत उघडी राहणारी फट एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, हेडमधून धूर बाहेर पडतो तिथली.

मामा: माझं मत विचारू नकोस. तुझ्या आलेखात चौथं मिनिट काढ.

भाची: चौथं... हे काय? इथं दहा-बारा सेकंद टिकटिक दिसतच नाही. नंतर परत आली. मला वाटलं मायक्रोफोन हलला.

मामा: मायक्रोफोन नाही हलला. तू पलीकडच्या बाजूला होतीस, तेव्हा मी दोन नंबरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढलं. आधी एकचं काढून लावलं, त्यानं काही फरक पडला नाही. मग दोनचं.

भाची: थांब. (आलेख मागं-पुढं करून) एक नंबरच्या वेळी इंजिन डगमगलेलं दिसतंय, फेरे कमी झालेत, पण टिकटिक आहे तशीच आहे. दोनच्या वेळी टिकटिक गायब. तीनच्या वेळी पुन्हा आहे. मामा, हे फार सुंदर आलंय! तू सांगितलं असतंस तर मी वेळ लिहून ठेवली असती.

मामा: सांगितलं असतं तर तुला जे ऐकायचं होतं तेच तू ऐकलं असतंस. आणि माझ्या कानालाही वाटलं की दोनला आवाज गेला. पण तुझ्या कागदावर ते न सांगता दिसलं, त्याची किंमत माझ्या कानापेक्षा जास्त.

भाची: कनेक्टर इंजेक्टरचंच काढलंस ना? प्लगचं नाही?

मामा: पूर्वी प्लगची वायर ओढायचो. आता नाही. ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू राहिलं तर ते न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं. तूच सांगितलं होतंस.

भाची: आठवतंय का तुला! बरं, मग बघ. सिलिंडरमधलं जळणं बंद केल्यावर आवाज गेला, म्हणजे व्हॉल्व्हची फट नाही. पेट्रोल असो-नसो, कॅम फिरतोच, सैल टॅपेट वाजायचा थांबत नाही. इंजेक्टर स्वतः टिकटिकत असेल तर तोही कनेक्टर काढल्यावर गप्प होईल, पण तो तापल्यावर कशाला थांबेल? राहिले दोन. मॅनिफोल्डची गळती, किंवा पिस्टन लायनरवर आपटतोय. थंडीत अॅल्युमिनियमचा पिस्टन बारीक असतो, आपटतो. तापला की फुगून नीट बसतो. आणि त्या सिलिंडरमधला दणका काढून घेतला की त्याचंही आपटणं कमी होतं. म्हणजे थंडीत येणं, तापल्यावर जाणं, कनेक्टर काढल्यावर गप्प होणं, तिन्ही खुणा पिस्टनलाही बसतात. आता सांग, पिस्टन का नाही?

मामा: (हसतो) आता बोललीस मुद्द्याचं. ह्यावर मीही अडलो होतो.

मला या संवादातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. दोन बिघाड, खुणा जवळजवळ एकच, आणि एकाचा खर्च गॅस्केटचा तर दुसऱ्याचा इंजिन पूर्ण उघडण्याचा. पिस्टनचा आवाज जरा बोदा असतो असं जाणकार सांगतात, पण त्या "जरा"वर इंजिन उघडायला कोण तयार होईल? शिवाय सौम्य आपटणारा पिस्टन घेऊन वर्षानुवर्षं चालणारी इंजिनं आहेत, त्यांना हात न लावलेलाच बरा.

मामा: मग मी बॅटरी घेतली, उष्णतेचा पत्रा काढला आणि बघितलं. दोन नंबरच्या तोंडाशी, हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये, काळी काजळी पसरलीय. एक आणि तीन स्वच्छ. खालचा एक स्टड तुटलाय, नट कुठं पडला देव जाणे. धूर निसटतो तिथं काजळी धरते. पिस्टन आपटला तर बाहेर काजळी कशी येईल?

भाची: पाच मिनिटांत ठरलं म्हणजे.

मामा: पत्रा काढायलाच वीस मिनिटं लागली. बोल्ट गंजलेले.

भाची: पण तुला एक मान्य करावं लागेल. दोनच नंबर, हे तुला आवाजानंच सांगितलं. काजळी शोधायला गेलास ती तिथंच का गेलास?

मामा: आवाज गेला ह्यावरून गेलो. आवाज कसा आहे ह्यावरून नाही. ह्यात फरक आहे. मी काहीतरी बदलतो आणि मग आवाजाचं काय होतं ते बघतो. नुसतं ऐकत बसलो तर प्रत्येक गाडीत मला शिलाई मशीनच ऐकू येतं.

भाची: आम्हीही तेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. भार बदल, वेग बदल, तापमान बदल आणि प्रत्येक वेळी मोज. तू "मी आवाजावर विश्वास ठेवत नाही" म्हणतोस, पण माझ्यापेक्षा जास्त प्रयोग आवाजावरच करतोस.

मामा: म्हण काय म्हणायचं ते.

भाची: आणखी एक. तुझी आठवण. सहा महिन्यांपूर्वी ह्याच गाडीचा आवाज कसा होता, तुला सांगता येईल?

मामा: नाही.

भाची: मालकालाही नाही. "पूर्वी एवढा नव्हता" हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतो आणि ते तपासायला काहीच नसतं. दर सर्व्हिसला थंड इंजिन, तीच जागा, तोच मायक्रोफोन, दोन मिनिटं. एवढं ठेवलंस तर आवाज वाढतोय की तेवढाच आहे हे वाद न घालता कळेल. टायमिंग चेन सैल होते तेव्हा थंडीत सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद खडखडते, मग टेन्शनरला ऑइल पोचलं की गप्प. एकदा ऐकून कळत नाही. दीड सेकंदाची खडखड पुढच्या वर्षी चार सेकंदांची झाली की मात्र कळतं.

मामा: हे मला पटलं. पण फाइलींना नावं तू देऊन जायचं.

भाची: आता जाड ऑइलचं बोलू. ह्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. डब्यावर दुसऱ्या गॅरेजनं मार्करनं लिहिलंय २०डब्ल्यू-५०. आवाज थोडा दबला असेल, मालक खूश झाला असेल. पण थंडीत ते मधासारखं ऑइल वरच्या बाजूला उशिरा पोचतं, आणि झीज तर सुरू करतानाच जास्त होते. ज्या गाड्यांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबानं बदलतं तिथं तर बारीक वाटांमधून ते वेळेवर सरकतही नाही. मला ही फसवणूकच वाटते.

मामा: इथं वाजत होता मॅनिफोल्ड, म्हणजे ऑइलनं काही होणारच नव्हतं. हे सरळ चूक आहे, ते काढून पुस्तकातलं घालायचं. पण फसवणूक म्हणू नकोस सरसकट. साडेतीन लाख किलोमीटर पळालेला टेम्पो असतो, भाजीवाल्याचा. त्याचं इंजिन बांधायचं तर तेवढे पैसे त्याच्याकडं नाहीत आणि टेम्पो चार दिवस बंद ठेवला तर घरात चूल नाही. त्याला मी जरा जाड ऑइल घालून देतो. सांगून देतो की हे औषध नाही, तुझं एक वर्ष निघेल कदाचित. ह्यात खोटं काय आहे?

भाची: आवाज दाबला म्हणजे त्याला पुढचा इशारा मिळायचा नाही.

मामा: इशारा मिळून तो काय करणार होता?

भाची: हे उत्तर मला आवडत नाही.

मामा: मलाही आवडत नाही. पण तू कधी भाजीवाल्याला इंजिनाच्या कामाचं कोटेशन दिलेलं नाहीस.

हा वाद तिथंच राहिला आणि मला तो मिटवावासा वाटत नाही. भाचीची बाजू यंत्राच्या दृष्टीनं निर्विवाद बरोबर आहे. मामाची बाजू त्या माणसाच्या दृष्टीनं. फक्त मामाच्या "सांगून देतो" या दोन शब्दांवर सगळं उभं आहे, आणि ह्या गाडीच्या मालकाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भाची: मग आता गॅस्केट, स्टड आणि ऑइल. झालं?

मामा: तुटलेला स्टड हेडमध्ये अडकलाय. टोक बाहेर असेल तर त्याच्यावर नट वेल्ड करून तो फिरवायचा. वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते. आत तुटला असेल तर ड्रिल, आणि अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल तिरपं गेलं की मग नवीन कथा. घाई करायची नाही. नवे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानं. आणि मालकाला सांगायचं की नुसता आवाज होता म्हणून सोडून द्यायचं हे प्रकरण नव्हतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बॉनेटखाली साचून ब्लोअरच्या वाटेनं आत येऊ शकतो.

भाची: आणि धूर निसटतो त्याच फटीतून दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, संगणक आणखी पेट्रोल घालतो. अॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार केली होती का त्यानं?

मामा: ती तक्रार तर गाडी नवी घेतल्यापासून सगळेच करतात. पण थांब, झालं नाही अजून. ही गाडी गॅसवर किती पळालीय?

भाची: किट बसवल्यापासून साठ हजारांच्या वर.

मामा: ह्या साठ हजारांत व्हॉल्व्हची फट कुणी मोजलीय?

भाची: सर्व्हिस बुकात नोंद नाही.

मामा: मग मला भीती आहे ती तिथं. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो. वर सरकला की फट वाढते का कमी होते?

भाची: कमी. आणि कमी झाली तर... आवाज कमी होतो.

मामा: व्हय. टॅपेट आणखी गुळगुळीत चालल्यासारखा वाटतो. मग एक दिवस फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर कडेनं जळायला लागतो. कॉम्प्रेशन जातं, मिसिंग सुरू होतं, आणि तोवर हेड उतरवायची वेळ आलेली असते. गॅसवर चालणाऱ्या रिक्षा, टॅक्सी ह्याच वाटेनं येतात माझ्याकडं. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतो. घट्ट झालेला कुठल्या मायक्रोफोनला ऐकू येणार?

भाची: कुठल्याच नाही. तिथं फिलर गेजच.

मामा: आणि इंजिन थंड पाहिजे. गरम इंजिनवर मोजलं तर आकडा खोटा येतो. म्हणून आज स्टडचं बघतो, गाडी रात्रभर इथंच राहू दे, सकाळी कुणी सुरू करू नका. कव्हर उघडून बाराही मोजू.

भाची: मालक विचारेल, वाजत होता मॅनिफोल्ड तर टॅपेट कव्हर कशाला उघडलं?

मामा: त्याला सांग, वाजत नव्हते म्हणून.

भाची: त्याला हे पटवायला मलाच लावणार तू. बरं, मी बारा आकडे लिहून घेते आणि सर्व्हिस बुकात चिकटवते. वीस हजारांनी परत मोजले की किती सरकलं ते दिसेल.

मामा: लिही. एक्झॉस्टचे सहा वेगळ्या रकान्यात घे, आधी तेच जातात. आणि आज जाताना ते जाड ऑइल गरम असतानाच सोडायला लाव पोराला, फिल्टर नवीन घाल.